मास्तरांनी न उकरलेला कांदा

गणपती गेले की नवरात्र येईपर्यंतच्या दिवसांत कोकणात कुणी फारसं जात नाही. मुंबईचे चाकरमानी परत गेलेले असतात, आंब्याला अजून बराच अवकाश असतो, समुद्र गढूळ असतो. त्यामुळे एसटीत खिडकी मिळते आणि लॉजवाला गोड बोलतो. सड्यावरची फुलं बघायची असतील तर नेमकं याच दिवसांत जावं. मी २००६ साली गेले ती मात्र फुलं बघायला नाही. माझ्या प्रबंधातलं एक वाक्य खरं करायला गेले होते.

ते वाक्य असं: 'कंद उकरून पाहिले असता ते बारीक तंतूंनी एकमेकांशी जोडलेले आढळले.' एम.फिल.चा लघुप्रबंध, प्रकरण चौथं, पान एकसष्ट. मी एकही कंद उकरलेला नव्हता.

कोल्हापूरला मी वनस्पतिशास्त्र शिकत होते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. आठ महिने ते तव्यासारखं तापलेलं असतं आणि पावसाळ्यात चार बोटं मातीत फुलांनी भरून जातं. तिथली एक बुटकी, पांढऱ्या फुलाची, कांद्यातून उगवणारी वनस्पती माझ्या वाट्याला आली होती. तिचं नाव आणि नेमकी जागा मी इथे देणार नाही. दिली की लोक पिशव्या घेऊन पोहोचतात. आदल्या वर्षी मी तिच्यासाठी रत्नागिरीला आले होते, पण ऑक्टोबर संपत आला होता आणि सड्यावर वाळलेल्या गवताशिवाय काही उरलं नव्हतं. मग परत जाऊन ग्रंथालयात बसले, फणसळकर मास्तरांचं चित्र समोर ठेवलं आणि वर्णन लिहून काढलं.

फणसळकर मास्तर रत्नागिरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शास्त्राची पदवी नव्हती. सुट्टीच्या दिवशी सड्यावर जाऊन त्यांनी शेकडो वनस्पतींची चित्रं काढली. ते गेल्यावर ती पुस्तकरूपाने छापली गेली, आणि आमच्या विषयात ते पुस्तक साक्षीदारासारखं मानलं जातं. त्यातल्या माझ्या वनस्पतीच्या चित्रात जमिनीखाली कांदा, त्यातून निघालेले तंतू आणि तंतूंच्या टोकाला पिल्लं दाखवली होती. माझ्याआधी दोघांनी 'उकरून पाहिले' असंच लिहिलं होतं. त्यातले एक आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक. मीही तेच लिहिलं. आणि त्याच एका वाक्यावर सगळं चौथं प्रकरण उभं केलं: शेजारशेजारची झाडं ही एकाच आईची पिल्लं आहेत, म्हणून ही वनस्पती दिसते त्याहून दुर्मीळ आहे, वगैरे.

हे करणाऱ्या मुलीला चौथीपर्यंत घरीच शिकवलं होतं, हेही सांगायला हवं. वडील धरणाच्या कामावर कारकून होते, वसाहतीत शाळा नव्हती. गणित वडील घ्यायचे, मराठी आत्या. आत्या निबंध तपासताना प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायची, "तू पाहिलंस?" नसेल पाहिलं तर वाक्य खोडायचं. पाचवीत मी पहिल्यांदा शाळेत गेले आणि 'मी पाहिलेला समुद्र' असा निबंध आला. 'मी समुद्र पाहिलेला नाही' एवढंच लिहून मी वही दिली. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, सगळे हसले, शून्य मिळालं. पुढच्या निबंधात न पाहिलेल्या किल्ल्याचं दोन पानं वर्णन केलं आणि 'छान' मिळालं. तेव्हापासून मला दोन्ही येतं, आणि दोन्हीची धास्ती वाटते.

प्रती बांधून तयार होत्या. महिनाअखेरीला त्या सादर करायच्या होत्या. एका तालुक्याच्या कॉलेजात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, दिवाळीपर्यंत पदवीचा कागद दाखवायच्या अटीवर. वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं होतं. जेवताना घास घेतला की मला पान एकसष्ट आठवायचं. शेवटी सरांकडे गेले.

"सर, मला रत्नागिरीला जाऊन यायचंय. एक तपासायचं राहिलंय."

"तपासायचं ते लिहायच्या आधी तपासतात," सर म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

कोल्हापूरहून सकाळची साधी एसटी घ्यावी. मलकापूरला चहा, आंबा घाटात धुकं, मग साखरपा, पाली, हातखंबा. चार-साडेचार तास लागतात, तिकीट शंभराच्या आत. घाट उतरला की हवा अंगाला चिकटते आणि बोलणं बदलतं. माझ्या शेजारी पालीला एक बाई बसल्या. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली बघून म्हणाल्या, "ठेव गो खाली. सोनं आहे की काय त्यात?" पिशवीत भिंग, वही, मोजपट्टी आणि नवीकोरी खुरपी होती.

एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर एकट्या बाईला खोली देणारं लॉज मिळालं. खोली स्वच्छ, बाथरूमच्या खिडकीला काच नाही. जेवणाला जवळच्या खानावळीत गेले. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. सोलकढी मागाल तेवढी मिळते. शाकाहारी असाल तर अळूचं फदफदं मागा.

दुपारी रिक्षावाल्याला म्हटलं, फणसळकर चौकात सोडा.

"कुठला चौक?"

"फणसळकर मास्तरांचा पुतळा आहे तिथे."

"अच्छा, वडापावच्या गाडीचा चौक! तो पुतळा मास्तरांचा आहे होय? मला वाटलं पुढारी आहे कोणीतरी."

त्याची चूक नव्हती. पुतळ्याला कोट घातला होता, हातात जाडजूड पुस्तक दिलं होतं. कुंचला नाही, फूल नाही. गाडीवाल्याने चौथऱ्याच्या पायरीवर पाण्याचा हंडा ठेवला होता आणि मास्तरांच्या सावलीत चार माणसं चटणी मागत उभी होती. मीही एक वडापाव खाल्ला. चांगला होता.

संध्याकाळी भाट्याला गेले. पूल ओलांडला की लगेच किनारा लागतो, मागे नारळाचं संशोधन केंद्र आहे. वाळू काळसर, लाटा मातकट. फिरायला म्हणून आलेल्यांना इथे दोन तास सहज जातील. मी मात्र वाळूत बसून उद्या काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या मुलीकडे, कुमुदताईंकडे गेले. सत्तरीच्या, बारीक, कणखर. आधी पत्र टाकलं होतं.

"प्रबंधवाली ना तू? चप्पल तिथेच काढ, आणि सांभाळून ये. पायरीवर शेवाळ आहे." मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "बाबांची चित्रं बघायला दोन प्रकारचे लोक येतात. एक फोटो काढतात, दुसरे विकत मागतात. तू कुठली गो?"

"मी तपासायला आले आहे."

"बाबांना?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं. ते असते तर खूश झाले असते. पण आधी घावन खा. उपाशी माणसाने तपासलेलं मला चालत नाही."

घावनं, खोबऱ्याची चटणी आणि वर गुळाचा खडा. मग त्यांनी आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. चित्रं जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेली होती, मध्ये कडुलिंबाचा पाला आणि कापूर.

"लोक चौकाला नाव देतात, हार घालतात," गाठी सोडवताना त्या म्हणाल्या. "आम्ही भावंडं त्यांच्याबरोबर सड्यावर जायचो ती छत्री धरायला. उन्हात तास तास. आमच्यावर नाही हो, चित्रावर!"

मग माझं चित्र निघालं. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेलं, पण हे वेगळंच होतं. जमिनीवरचा भाग काळ्याभोर शाईचा, पाकळीवरची शीरसुद्धा स्पष्ट. जमिनीखालचा कांदा, तंतू, पिल्लं मात्र नुसत्या पेन्सिलीच्या टिंबांनी काढलेली. इतकी फिकी की खिडकीपाशी न्यावं लागलं.

"पुस्तकात टिंबं नाहीत," मी म्हटलं.

"छपाईचा ब्लॉक करणाऱ्याला ती दिसेनात. त्याने वरून शाई फिरवली. बाबा तोवर गेले होते. भाऊ म्हणाला, राहू दे, उठून दिसतंय." कुमुदताईंनी चित्र हळूच उलटं केलं. "त्यांची रीत होती. पाहिलेलं शाईने, ऐकलेलं टिंबांनी. आणि मागे खुलासा."

मागे बारीक मोडीवळणाच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'वरील भाग पाहून काढला. खालील भाग भागीने सांगितला. झाडे थोडी, म्हणून उपटले नाही. कोणी पाहिल्यास कळवावे.'

"कोणी कळवलं?" मी विचारलं.

"तुम्ही लोक येता, पुढची बाजू बघता आणि जाता."

मी तिथेच त्यांना सगळं सांगून टाकलं. पान एकसष्ट, चौथं प्रकरण, नोकरी, सर. माझे डोळे भरून आले तशी त्यांनी चित्र माझ्यासमोरून बाजूला केलं. संपल्यावर म्हणाल्या, "मग रडतेस कशाला? सडा कुठे पळून गेलाय? जा, उकर, बघ. असेल तसंच तर तुझं वाक्य खरं झालं. तारीख काय कोण विचारतंय?" त्यांना मला धीर द्यायचा होता, आणि मी आले होते तेही हेच करायला. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर कसंतरी वाटलं.

"भागी कोण?" मी विचारलं.

"भागीरथी. सड्याखालच्या वाडीत असते. बाबा जायचे तेव्हा तिथे गुरं राखायची. आहे अजून. दात गेलेत, तोंड शाबूत आहे."

वाडीपर्यंत एसटी जाते, दिवसातून तीनदा. परतीची वेळ आधीच विचारून घ्या, नाहीतर चालावं लागेल. भागीरथीबाई खळ्यात सुपात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. मी कोल्हापूरहून आले म्हटल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"बाय गो! येवड्या लांबनं? लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग फिर, फिरून घे."

मास्तरांनी चित्रामागे त्यांचं नाव लिहिलंय हे सांगितल्यावर त्या आधी लाजल्या. "माजा नाव? चित्रावर?"

"मागच्या बाजूला."

"मागं का व्हईना!" मग मी वहीतून पुस्तकातल्या चित्राची प्रत पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि कपाळाला आठी पडली. "ह्यो खालचा कांदा ह्याचा नाय."

"म्हणजे?"

"ह्यो धाग्यांवाला कांदा येगळा. त्यो आमी पोरं खणून भाजून खायचो. ह्या पांढऱ्या फुलाचा कोन खणनार? कडू जहर. गुरा बी तोंड लावत नाय."

"पण मास्तरांना तुम्हीच सांगितलंत ना?"

भागीरथीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते आधी कळेना. "मास्तर त्या धाग्यांवाल्या कांद्याचा कागद दाखवून बोलले, 'ह्या पांढऱ्या फुलाच्या खाली असाच का गो भागी?' मी बोलले, व्हय. येवडा शिकलेला मानूस, घामानं निथळतोय, त्याला नाय कोन बोलनार? आनि मला वाटला, त्यांना ठाव असंलच. माजी परीक्षा घेतायत."

मीही हसले. गुरं राखणाऱ्या एका मुलीने मान ठेवायला 'व्हय' म्हटलं होतं. मास्तरांना त्या 'व्हय'ची खात्री वाटली नसावी, म्हणून त्यांनी टिंबं काढली. छापणाऱ्याने टिंबांवर शाई फिरवली. आणि त्या शाईवर आम्ही तिघांनी 'उकरून पाहिले' असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागीरथीबाई मला सड्यावर घेऊन गेल्या. पाऊस उघडला होता. वाटेत चिऱ्याची खाण लागली. लाल दगड करवतीने कापून काढलेला, कडा पावासारख्या सरळ. "हितं बी व्हती ती फुला," त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या. पुढे सडा उघडा झाला. निळी, जांभळी, पिवळी, नखाएवढी फुलं, पाय कुठे ठेवावा कळेना. बघायला जाणाऱ्यांनी इथे चपला काढून उघड्या दगडावरूनच चालावं. दगड टोचतो, पण फुलं वाचतात.

एका खोलगट जागेत ती होती. वर्षभर जिच्याबद्दल लिहिलं ती वनस्पती मी पहिल्यांदा पाहिली. चित्रापेक्षा बुटकी, आणि पांढऱ्या पाकळीला आतून हिरवट झाक. मी मोजली. एकोणीस. आजूबाजूला तासभर शोधलं, विसावं सापडलं नाही.

मी गुडघे टेकून बसले आणि खुरपी काढली.

"खण की," भागीरथीबाई शेजारी उकिडव्या बसल्या. "येक गेला तर काय हुतंय? माजा बी कळू दे, मी खोटी का खरी."

ही गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. उकरण्यात त्यांचंही काहीतरी होतं. मी एका झाडाजवळ बोटाने माती बाजूला केली. दोन बोटं माती, खाली दगड. एक पांढरं मूळ दिसलं, केसाएवढं. आणखी इंचभर गेले असते तर कांदा हाती आला असता. पण एका कांद्याने काय कळणार? एकमेकांशी जोडलेले आहेत की नाहीत हे बघायला निदान शेजारचे दोन-तीन काढायला हवे होते, एकोणिसातले. परवानगी नव्हती, तयारी नव्हती. आणि खाली काय आहे हे मला जाणून घ्यायचं असतं, तर मी वर्षभर आधी आले असते. मला फक्त माझं वाक्य वाचवायचं होतं. त्यासाठी हा खड्डा खणायला मी कोल्हापूरहून आले होते. मी माती परत लोटली आणि वरून बोटांनी दाबली.

"नाय खणत?"

"नाही."

"मंग खुरपी कशाला आनलीस गो? मिरवायला?" त्यांनी खुरपी हातात घेतली, पातं अंगठ्याने बघितलं. "नवी हाय. मला दे तर, परड्यात कामाला येईल."

दिली. भाड्याचे पैसे मोजून उरलेले त्यांना देऊ लागले तर रागावल्या. दुपारच्या एसटीने शहरात आले, कुमुदताईंना भागीरथीबाईंचं म्हणणं शब्दशः सांगितलं. त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, तारीख घातली आणि चिठ्ठी चित्राबरोबर धोतरात बांधली. निघताना हातावर आंबापोळी ठेवली.

कोल्हापूरला पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेले. प्रत उघडून पान एकसष्टवर बोट ठेवलं. "हे मी पाहिलेलं नाही, सर. चित्रावरून लिहिलं. आणि चित्रातही ते ऐकीव आहे."

सरांनी चष्मा काढला. मग मी सगळं सांगितलं. टिंबं, शाई, भागीरथीबाईंचं 'व्हय', एकोणीस झाडं.

"चौथं प्रकरण जाईल," सर म्हणाले.

"हो."

"या महिन्यात सादर होणार नाही. नोकरी?"

"घरी अजून सांगितलं नाही."

सर खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांच्या स्वतःच्या लेखातही तेच वाक्य होतं, हे दोघांनाही माहीत होतं. मी त्या लेखाचा उल्लेख केला नाही. तो करायला हवा होता की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. खिडकीकडेच बघत ते म्हणाले, "मी गेलो होतो तेव्हा पाऊस फार होता." आणि मग, "माझं मी बघतो. तू तुझं लिही." त्यांनी पुढे काय केलं ते मला माहीत नाही.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. वडील आठवडाभर माझ्याशी गरजेपुरतंच बोलले. आत्याने मात्र नवं प्रकरण हातात घेऊन वाक्यावाक्याला पेन्सिलीने खुणा केल्या. प्रबंध पुढच्या सत्रात गेला, चौथं प्रकरण निम्मं झालं. मास्तरांबद्दल मला आधी वाटायचा तो आदर आता निराळा आहे. त्यांनी काढलेल्या शेकडो चित्रांपेक्षा त्यांनी न उपटलेलं एक झाड मला जास्त आठवतं. पुतळ्याला हे दाखवता येणार नाही, आणि वडापावच्या गाडीचा चौक म्हटलं तर काही बिघडत नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं.

"मग जमिनीखाली आहे काय?"

"माहीत नाही, सर."

"अंदाज?"

"दोन आहेत. दोन्ही अंदाज म्हणूनच दिलेत."

"उकरलं का नाही?"

"एकोणीस झाडं होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर टेबलाकडे बघत होते. परीक्षकांनी पेन्सिल घेतली आणि समासात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही.